एकहाती गाडी आणि चार फायली

आपल्या लोकांना पावत्या जपण्याची खोड आहे. फ्रिज भंगारात जाऊन दहा वर्षं होतात, पण त्याचं गॅरंटी कार्ड कपाटात असतंच. मुलं या खोडीची चेष्टा करतात. गेल्या वर्षी स्लोटरडाइकमध्ये एका जुन्या अमेरिकन गाडीच्या विक्रीत हातभार लावताना मात्र या खोडीचं मोल आम्हांला रोख युरोत मोजून मिळालं.

गाडी १९६९ सालची पॉन्टिअॅक जीटीओ. मालक आपल्या मंडळातले एक काका, वय वर्षं एक्याऐंशी. मिशिगनमध्ये शिक्षण, डेट्रॉइटला पहिली नोकरी आणि त्या पगारावर हप्त्याने घेतलेली ही कोरी गाडी. १९७८ मध्ये ते हॉलंडला आले तेव्हा घरसामानाबरोबर जहाजातून तीही आली. त्यानंतर देश बदलला, पण मालक बदलला नाही. काकूंचं म्हणणं एकच, "मेथीची जुडी आणायला आठ सिलिंडर!"

या जातीला अमेरिकेत मसल कार म्हणतात. कृती सोपी: मध्यम आकाराच्या गाडीत थोराड इंजिन बसवायचं. पॉन्टिअॅकने १९६४ साली हा प्रकार जीटीओ या नावाने बाजारात आणला. काकांच्या गाडीचं इंजिन ४०० घन इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. कंपनीने तिची ताकद ३५० अश्वशक्ती लिहिली होती, पण ते मोजमाप इंजिन बाकावर ठेवून, गाडीतला सगळा जामानिमा न जोडता घेतलेलं. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या प्रत्यक्ष गाडीतल्यासारखी मोजणी जाहीर करू लागल्या आणि कागदावरचे आकडे धाडकन खाली आले.

अमेरिकन गाडी आपल्याला तशी परकी नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. स्लोटरडाइकलाही ती परकी नाही. स्टेशनच्या उत्तरेला, बंदराच्या बाजूला हेमवेगवर फोर्डचा कारखाना होता. तो १९८१ मध्ये बंद पडला. साठीच्या दशकात तिथे सुटे भाग आणून थोड्याफार मस्टँगही जोडल्या गेल्या.

आता या भागात हावन-स्टाट योजनेखाली घरांच्या इमारती उठताहेत. काकांचं भाड्याचं गॅरेज रिकामं करायचं होतं. दुसरं कारण पैशाचं. इथलं म्हातारपणाचं सरकारी पेन्शन, एओडब्ल्यू, वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाला दोन टक्के या हिशेबाने जमतं. पूर्ण पेन्शनला पन्नास वर्षं लागतात. चौतिसाव्या वर्षी आलेल्या काकांची एकतीस वर्षं भरली, म्हणजे बासष्ट टक्के. उशिरा आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचा हिशेब असाच आहे. तेव्हा गाडीचे चार पैसे जास्त येणं ही हौस नव्हती.

काकांनी चार जाड फायली आमच्यापुढे ठेवल्या. विकत घेतल्याची पावती, हप्त्यांचं पुस्तक, जहाजाची कागदपत्रं आणि प्रत्येक दुरुस्तीचं बिल, त्यावर तारीख आणि मैल. शेवटची गोष्ट सोन्यासारखी. या गाड्यांचा मैलमापक पाच आकडी. लाख मैल झाले की पुन्हा शून्यावर येतो. काट्यावर बेचाळीस हजार दिसतात तेव्हा ते बेचाळीस की एक लाख बेचाळीस, हे गाडी सांगू शकत नाही. बिलांची रांग सांगते.

दुसरा पुरावा इंजिनाचा. १९६८ पासून पॉन्टिअॅकच्या इंजिनावर गाडीच्या नंबराचा भाग ठोकलेला असतो. तो जुळला तर इंजिन मूळचं. तिसरा पुरावा अमेरिकेतून मागवता येतो. पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत पुरवते. त्याच वर्षी 'जज' नावाची जास्त मोलाची आवृत्ती निघाली होती. ती गाडीच्या नंबरावरून ओळखता येत नाही, त्यामुळे साध्या जीटीओवर पट्टे चिकटवून 'जज' म्हणून खपवणारे महाभाग असतात. काकांची गाडी साधी. जाहिरातीत आम्ही तसं स्वच्छ लिहिलं. १९८३ मध्ये डाव्या दाराचा पत्रा बदलला, तेही लिहिलं. दोष आधी सांगितला की बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

दोन गिऱ्हाइकं अखेरपर्यंत टिकली. पहिला जास्त पैसे देत होता. त्याला इंजिन काढून नवं बसवायचं होतं. फायलींना त्याने हातही लावला नाही. दुसरं एक डच जोडपं. ते दोन तास बिलं वाचत बसले. त्यांची रक्कम कमी होती. काका कुठल्या बाजूला झुकताहेत ते दिसत होतं, पण घरखर्च काकूंच्या हातात. त्यांनी त्या जोडप्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, "कागद वाचलेत, मग कागदांचे पैसे धरलेत का?" नवराबायको बाहेर जाऊन बोलून आली आणि आकडा वाढला. पहिल्याइतका नाही, पण काकूंनी मान डोलावली.

व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगतो. इथलं आरटीओ म्हणजे आरडीडब्ल्यू. गाडीच्या कार्डाबरोबर नाव बदलण्याचा एक सांकेतिक नंबर असतो. पैसे आपल्या खात्यात दिसेपर्यंत तो कोणालाही देऊ नये. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं चित्र म्हणजे पैसे नव्हेत. नाव बदलायला खिडकीवर दोघांनी मिळून जावं आणि 'फ्रायवारिंग्सबेवाइस' हा कागद हातात घेऊनच निघावं. जबाबदारी आपल्यावरून उतरली याचा तोच पुरावा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर नाही आणि पन्नाशीनंतर तपासणीची सक्ती नाही, हेही गिऱ्हाइकाला सांगण्याजोगं. पेट्रोल मात्र कमी इथेनॉलचं घाला म्हणावं, नाहीतर जुन्या रबरी नळ्या खराब होतात.

फायली गाडीबरोबर गेल्या. त्याआधी आम्ही तीन संध्याकाळ काकांजवळ बसून प्रत्येक फोटोमागे साल आणि ठिकाण लिहून घेतलं. काही सालं काकांना आठवेनात. ती काकूंनी सांगितली. डेट्रॉइटच्या पहिल्या पावतीची एक प्रत तेवढी काकांनी ठेवून घेतली.

आपल्या घरात गाडी नसेल, तंबोरा असेल, घड्याळ असेल, आजीचं शिवणयंत्र असेल. ते कधी, कुठे, केवढ्याला घेतलं हे सांगणारं माणूस समोर बसलं आहे, तोवर विचारून लिहून घ्या.