पुन्हा त्याच सफरीवर : मोटारींच्या एका खेळाचे उत्तरभाग

एखादी कादंबरी वाचकाला आवडली म्हणजे तिचा पुढचा भाग केव्हा येणार, असे तो विचारू लागतो. आणि तो भाग हाती पडल्यावर पुष्कळदा निराश होतो. नाणे टाकून खेळावयाच्या मोटारींच्या खेळांबाबत हा अनुभव अधिक तीव्रतेने येतो. कादंबरीत निदान कथानक पुढे नेता येते. मोटारीच्या खेळात चाहत्याच्या मनात उरलेली असते ती स्टिअरिंगचे चाक हाती धरल्यावर झालेली एक संवेदना. संवेदनेचा उत्तरभाग रचावयाचा कसा, हा प्रश्न जपानमधील सेगा या कंपनीपुढे गेली अनेक वर्षे उभा आहे. तिच्या ‘आउटरन’ या खेळाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचाच इतिहास होय.

प्रथम हे खेळ कोणत्या जातीचे, ते पाहू. ज्या दालनात अशी यंत्रे ओळीने मांडलेली असतात त्याला आर्केड म्हणतात. तेथे आलेल्या माणसाने नाणे टाकावे, तीन-चार मिनिटे खेळावे आणि वेळ संपली की पुढच्याला जागा द्यावी, या हिशेबावर सगळा व्यवहार चालतो. त्यामुळे खेळ समजावून सांगण्यास अवकाश नसतो. ज्याने आयुष्यात मोटार चालविलेली नाही त्यालाही पहिल्या वळणापूर्वी सारे उमगले पाहिजे. मोटारींच्या खेळांची दुसरीही एक जात आहे. तीत टायर झिजतात, इंधन संपते, आणि वळणावर ब्रेक क्षणभर उशिरा दाबला तर गाडी मैदानात जाऊन रुतते. त्या खेळांत वास्तवाशी इमान राखणे हा गुण मानला जातो. आर्केडमधील गाडीचे इमान चालविणाऱ्याच्या इच्छेशी असते.

‘आउटरन’ १९८६ साली आला. त्याचा रचनाकार यू सुझुकी. ‘हँग-ऑन’ हा मोटारसायकलचा खेळ त्याने त्याच्या आदल्याच वर्षी केला होता. मोटारीच्या खेळाची कल्पना त्याला एका अमेरिकन चित्रपटावरून सुचली, आणि प्रारंभी अमेरिकेतील रस्तेच त्याच्या मनात होते. परंतु तो देश फार विस्तीर्ण आणि रिकामा आहे, दृश्ये पुरेशा वेगाने पालटत नाहीत, असे वाटून त्याने युरोपकडे मोर्चा वळविला. फ्रँकफुर्टला भाड्याची मोटार घेऊन, तिच्यावर कॅमेरा बसवून तो आणि त्याचे सहकारी सुमारे पंधरा दिवस हिंडले. मोनॅको, स्वित्झर्लंडमधील घाट, मिलान, व्हेनिस, रोम असा तो प्रवास झाला. खेळाची बीजे शर्यतीच्या मैदानात न पडता अशा भटकंतीत पडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढच्या उत्तरभागांचे बरेवाईट तिच्यावरच ठरले.

खेळ दिसावयास साधा. तांबडी, उघड्या टपाची फेरारी टेस्टारोसा. चालक आणि त्याच्या शेजारी बसलेली सोनेरी केसांची तरुणी. समोर समुद्रकिनाऱ्याचा रस्ता. गिअर दोनच. इतर मोटारी रस्त्यावर असतात, पण त्या प्रतिस्पर्धी नव्हेत. त्या आपल्या वाटेने जाणारी साधी वाहतूक आहेत. पहिला, दुसरा असा क्रमांक कोणाला मिळत नाही. झुंज असते ती केवळ घड्याळाशी : ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचले की आणखी काही सेकंद पदरात पडतात. खडकावर आदळल्यास गाडी कोलांट्या खाते, दोघेही बाहेर फेकले जातात, आणि क्षणाभराने कपडे झटकल्यासारखी पुन्हा गाडीत बसून निघतात. थोडा वेळ गेला एवढेच नुकसान.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडची वाट काहीशी सोपी, उजवीकडची अवघड. एका सफरीत पाच टप्पे पार करावयाचे असतात, पण एकंदर टप्पे पंधरा आहेत : आरंभी एक, मग दोन, मग तीन, अशी त्यांची त्रिकोणी उतरंड आहे. वाचकाने ती कागदावर काढून पाहिली तर सोळा निरनिराळ्या वाटांनी पाच निरनिराळ्या मुक्कामांना पोहोचता येते, असे त्याला आढळेल. प्रत्येक मुक्कामी शेवटचे विनोदी दृश्य वेगळे. एका नाण्यात सारा देश पाहून होत नाही, आणि कोठे जावयाचे हे मात्र खेळणाऱ्याने धावत्या गाडीत ठरवावयाचे असते. पहिल्या फाट्यावरच उजवीकडे वळणारा मनुष्य आणि चार वेळा डावीकडे जाणारा मनुष्य एकाच यंत्रावर दोन वेगळे प्रवास करून उठतात.

याशिवाय संगीत. गाडी सुटण्यापूर्वी पडद्यावर रेडिओ दिसतो आणि एक हात त्याचे बटण फिरवितो. हिरोशी कावागुची याने रचलेल्या तीन धुनांपैकी हवी ती खेळणाऱ्याने निवडावी. ज्या खेळात सेकंदासेकंदाचा हिशेब आहे, त्याने आरंभीच ‘आज काय ऐकावयाचे?’ असे निवांतपणे विचारावे, यातच त्याचा सारा स्वभाव आला. पुढे ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांसाठी या खेळाच्या आवृत्त्या निघाल्या. त्यांतील चित्रे मूळ यंत्राच्या जवळपासही पोहोचत नव्हती, परंतु डब्यात मूळ संगीताची एक कॅसेट घातलेली असे. विक्रेत्यांना लोकांची नस बरोबर सापडली होती म्हणावयाचे.

यंत्राची कारागिरीही नजरेआड करून चालणार नाही. त्या काळी खऱ्या त्रिमितीतील दृश्ये इतक्या वेगाने रंगविणे यंत्रांच्या आवाक्यात नव्हते. ‘आउटरन’मधील झाडे, पाट्या, खडक ही सपाट चित्रे आहेत. यंत्र ती क्षणोक्षणी मोठी करीत नेते, आणि रस्ता आडव्या रेषारेषांनी रंगवून त्या रेषा डावीउजवीकडे सरकविते. डोळ्यांना मात्र घाट, उतार आणि वळणे दिसतात. बसून खेळावयाच्या मोठ्या यंत्राचा आकार मोटारीसारखा होता. ते वळणाबरोबर विद्युत मोटरने हेलकावे घेई, आणि खडबडीत कडेवर चाक गेले की हातातील स्टिअरिंग थरथरे. घरातील पडद्यावर हे सुख मिळणे शक्यच नव्हते, म्हणून लोक नाणी घेऊन दालनात येत.

अशा खेळाला पुढचा भाग हवा, अशी मागणी झाली यात नवल नाही. १९८९ साली ‘टर्बो आउटरन’ आला. त्याच्या कर्त्यांनी मागणीचा सरळ अर्थ घेतला : लोकांना आवडले ते अधिक द्यावे. फेरारीचे एफ-४० हे अधिक वेगवान रूप आले. बटण दाबताच गाडी उसळी घेऊ लागली. मधल्या मुक्कामांवर अधिक दमदार इंजिन किंवा अधिक पकड असलेले टायर घेण्याची सोय झाली. पाठलागाला पोलीस आले. एक प्रतिस्पर्धीही आला, आणि तो आपल्या पुढे निघाला तर शेजारची तरुणी त्याच्या गाडीत जाऊन बसू लागली. रस्ता न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणारा, सोळा टप्प्यांचा आणि अगदी सरळ. फाटे नाहीत.

हा खेळ वाईट नव्हता. त्याच्या संगीताची आजही प्रशंसा होते. परंतु सोळा वाटा जाऊन एकच उरली, आणि सफरीची शर्यत झाली. पहिल्या खेळात शेजारी बसलेली व्यक्ती ही सोबत होती. दुसऱ्यात ती पैजेवर लावलेली वस्तू झाली. रस्त्यावरील अनोळखी मोटारींच्या जागी शत्रू उभा राहिला. ज्याच्या भटकंतीतून खेळ जन्मला, त्याला अमेरिका ज्या कारणासाठी नको वाटली होती, तिकडेच उत्तरभागाने गाडी वळवावी, हा योगायोगही मोठा सूचक आहे. चाहत्यांनी ‘अधिक’ मागितले होते हे खरे. पण श्रोता गायकाला ‘आणखी’ म्हणतो, तेव्हा त्याला तोच राग आणखी हवा असतो. पूर्वीच्याच ताना नकोत, पण रागही मोडता कामा नये. केवळ लय वाढवून त्याचे समाधान होत नाही.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ‘आउटरनर्स’ने फाटे परत आणले, अनेक प्रकारच्या गाड्या दिल्या आणि यंत्रे एकमेकांना जोडून मित्रांसह खेळण्याची सोय केली. तो खेळकर आणि गलबल्याचा खेळ होता. तथापि ज्याला लोक मनोमन दुसरा ‘आउटरन’ मानतात, तो सतरा वर्षांनी, २००३ साली आला, आणि त्याचे नावही ‘आउटरन २’ असेच ठेवण्यात आले.

एव्हाना यंत्रे खरी त्रिमितीय दृश्ये लीलया रंगवीत होती, आणि वास्तवाच्या मोहात पडण्यास सर्व अनुकूलता होती. ‘आउटरन २’ने ती शक्ती वेगळ्या कामी लावली. पंधरा टप्प्यांची तीच उतरंड, तेच पाच मुक्काम, तोच डावा-उजवा फाटा. ताडाच्या झाडांच्या किनाऱ्यावरून निघालेली गाडी कोठे बर्फाळ डोंगरात, कोठे ट्यूलिपच्या मळ्यात, कोठे प्राचीन अवशेषांत शिरते, आणि हे सारे क्षणभरही न थांबता एकातून एक उलगडत जाते. असा देश पृथ्वीच्या पाठीवर नाही. जुन्या धुना नव्या वाद्यमेळासह परत आल्या. गाड्या आठ झाल्या, सर्व फेरारीच. टेस्टारोसाही त्यांत होतीच.

खरी नवी भर एकच होती, आणि ती हाताला जाणवणारी होती. वळणापाशी ब्रेकला क्षणभर स्पर्श करून स्टिअरिंग फिरविले की गाडीची मागची बाजू घसरते आणि गाडी आडवी होऊन वळणाच्या कडेने वाहत जाते. स्टिअरिंग सरळ केले की पुन्हा मार्गावर येते. प्रत्यक्षात हे करताना निष्णात चालकालाही घाम फुटेल. येथे नवशिक्यालाही ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात साधते. मात्र सुरेख साधण्यास महिने लागतात : घसरण कोठे सुरू करावी, किती धरावी, समोरून दुसरी गाडी आली तर कशी सोडावी, याला अंत नाही. सहज प्रवेश आणि न संपणारा अभ्यास यांची ही सांगड हीच आर्केडची जुनी खूण होती. शेजारच्या तरुणीचेही स्थान पालटले. खेळाच्या एका प्रकारात ती वाटेत निरनिराळ्या फर्माइशी करते, गाड्यांना मागे टाक, सुरेख घसरत ने, आणि खूष झाली की हृदयचिन्हे देते. ती पुन्हा सफरीची सोबतीण झाली.

२००४ साली या खेळाला आणखी पंधरा टप्प्यांची जोड मिळाली, आणि २००६ च्या घरगुती आवृत्तीत तीसही टप्पे एकत्र आले. येथे अधिक दिलेले कोणालाही खटकले नाही, कारण राग तोच होता.

चाहत्यांच्या अपेक्षेचे दुसरे अंग मात्र रस्त्यावरचे नसून कायद्याच्या कागदांवरचे आहे. १९८६ च्या खेळात फेरारीची गाडी आणि तिचे घोड्याचे चिन्ह परवान्यावाचूनच आले होते; त्या काळी या खेळांकडे कोणी तितके गंभीरपणे पाहत नसे. ‘आउटरन २’ रीतसर परवाना घेऊन निघाला. त्यामुळे गाड्या अस्सल झाल्या. पण परवान्याला मुदत असते. २००९ साली ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ ही आवृत्ती केवळ तारेवरून उतरवून घेण्यासाठी विकण्यात आली. तिची छापील तबकडी नव्हतीच. परवान्याची मुदत सरताच २०१० व २०११ मध्ये ती दोन्ही दुकानांतून काढून घेण्यात आली. ज्याने विकत घेतली नव्हती, त्याला ती पैसे देऊनही मिळेना. ग्रंथ दुर्मीळ झाला तरी ग्रंथालयात त्याची एखादी प्रत सापडते. येथे प्रत अशी वस्तूच अस्तित्वात नव्हती. पुढे २०१४ साली जपानमध्ये एका हातातल्या यंत्रासाठी पहिला ‘आउटरन’ मोठ्या निगुतीने पुन्हा सिद्ध करण्यात आला, तेव्हा तांबड्या गाडीचा आकार थोडा बदलावा लागला. जाणकारांच्या नजरेतून तो सुटला नाही.

त्या आवृत्तीत आणि हौशी लोकांनी स्वतः केलेल्या पुनर्रचनांत काय सुधारले गेले, ते पाहण्याजोगे आहे. मूळ यंत्रावर सेकंदाला तीस वेळा सरकणारे दृश्य साठ वेळा सरकू लागले. हौशी पुनर्रचनेत रुंद पडदा भरून टाकण्याचीही सोय झाली. २००६ च्या आवृत्तीसाठीही चाहत्यांनी आपल्या खर्चाने, आपल्या वेळात दुरुस्त्या लिहिल्या, जेणेकरून ती आजच्या संगणकांवर नीट चालावी. मूळ वाटांना आणि मूळ धुनांना कोणी हात लावला नाही. आरसा पुसावा तसे ते काम आहे.

सेगाने २०२३ च्या अखेरीस आपल्या अनेक जुन्या खेळांचे नवे भाग जाहीर केले. त्यांत भाड्याची टॅक्सी बेफाम हाकण्याचा ‘क्रेझी टॅक्सी’ होता, ‘आउटरन’ नव्हता. मात्र त्याच कंपनीच्या २०१५ सालच्या ‘याकुझा झीरो’ या खेळाचे कथानक १९८८ च्या जपानमध्ये घडते, आणि त्यातील दिव्यांनी झगमगणाऱ्या वस्तीत एक आर्केड आहे. खेळणाऱ्याने कथानक बाजूला ठेवून तेथे शिरावे, नाणे टाकावे. पडद्यावर रेडिओ उजळतो आणि एक हात बटण फिरवू लागतो.