आधी गाठ पाहा, मग उडी



आपल्या सोलापूर भागात मोटा चालत होत्या, त्या काळी जाणता मोटकरी बैल जुंपण्याआधी नाड्यावरून एकदा हात फिरवी. पीळ कुठे सैल पडला आहे, दोर कुठे झिजला आहे, हे त्याच्या बोटांना कळे. भरलेली मोट वर येताना नाडा तुटला तर काय होते, हे त्याला शिकवावे लागत नसे. आज ज्या खेळाची माहिती सांगावयाची आहे, तो मोटेपासून फार दूरचा; पण त्याचे मर्म त्या हात फिरवण्यातच आहे.

या खेळाला ‘बेस जंपिंग’ म्हणतात. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून ‘बेस’ हा शब्द झाला. यांपैकी एखाद्या उंच जागेवरून, पाठीवर हवाई छत्री बांधून, उडी घ्यावयाची. अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावरून १९७८ साली कार्ल बेनिश आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतलेल्या उड्यांपासून हा खेळ नावारूपाला आला. १९८४ साली नॉर्वेतल्या एका कड्यावरून उडी घेतानाच बेनिश यांचा अंत झाला.

तुम्ही म्हणाल, विमानातूनही लोक उड्या घेतातच की! खरे आहे. आपल्या महाराष्ट्राच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर आकाशातून उडी घेतली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या उडीत आणि या उडीत मोठा फरक आहे. विमानातून हौसेने उडी घेणारा सामान्यतः तीन-चार हजार मीटरांवरून निघतो. छत्री उघडण्यापूर्वी त्याला पाऊण मिनिटभर वेळ मिळतो, आणि पहिली छत्री फसली तर दुसरी राखीव असते. कड्यावरून उडणाऱ्याजवळ मात्र बहुधा एकच छत्री असते; कारण दुसरी उघडायला वेळच नसतो.

वेळ नसतो म्हणजे किती? विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची उंची सुमारे ५१ मीटर. तेवढ्या उंचीवरून सुटलेला दगड सव्वातीन सेकंदांत भुईला लागतो. गुरुजींनी हे गणित मुलांकडून करून घ्यावे: सेकंदांचा वर्ग करावा आणि त्याला ४.९ने गुणावे, म्हणजे पडलेले अंतर मीटरांत येते. एवढ्या वेळात चूक ध्यानात येऊन ती दुरुस्त कशी व्हावी?

आता ही छत्री उघडते कशी ते पाहू. मोठी छत्री घडी घालून पाठीवरच्या पिशवीत असते. उडणारा प्रथम एक लहान छत्री हवेत फेकतो. ती वाऱ्याने फुगते, तिला जोडलेली लांब पट्टी ताणली जाते, पट्टी पिशवीची खीळ ओढते आणि मोठी छत्री दोऱ्यांसह बाहेर येते. या सगळ्या जुळणीत चुका कुठे होतात? लांब पट्टी चुकून मांडीच्या पट्ट्याखालून गेली, तर खीळ निघतच नाही. कमी उंचीला मोठी फेकछत्री लागते. तिथे लहान घेतली, तर पिशवी उशिरा उघडते. घडी वाकडी पडली किंवा दोऱ्या गुंतल्या, तर छत्रीचे तोंड फिरते आणि माणूस त्याच कड्यावर आदळतो. आणि कधी कधी तर मांडीचा पट्टाच लावायचा राहून जातो!

आपल्या सोलापूरच्या विणकराचा एखादा धागा चुकला, तर तो मागावर डोळ्यांना दिसतो. फार तर ती चादर कमी भावाने जाईल. इथे चूक बंद पिशवीत दडलेली असते, आणि ती दिसते तेव्हा पायाखाली जमीन नसते.

चूक फक्त दोरीचीच असते असेही नाही. १९९९ साली एल कॅपिटनवरून एका अनुभवी बाईंनी उडी घेतली. तिथे उडीला बंदी होती. सामान जप्त होणार म्हणून त्यांनी दुसऱ्याचे सामान घेतले होते. त्यात लहान छत्रीची जागा त्यांच्या सवयीची नव्हती. छत्री उघडली नाही आणि त्या गेल्या. जुळणी बदलली की सवयसुद्धा दगा देते, ती अशी.

‘हे परदेशातले, आपल्याला त्याचे काय?’ असे म्हणू नका. २०१९च्या मे महिन्यात रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर, बोटीने ओढल्या जाणाऱ्या छत्रीचा दोर तुटून एक शाळकरी मुलगा दगावला. फेब्रुवारी २०२४मध्ये कुलूजवळ पॅराग्लायडिंग करताना एक प्रवासी स्त्री खाली कोसळली. तिचा पट्टा नीट तपासला नव्हता, या आरोपावरून चालकाला अटक झाली. जानेवारी २०२५मध्ये गोव्यात केरी येथे अशाच उड्डाणात पुण्याची एक तरुणी आणि तिचा चालक दोघेही मरण पावले. दोरी तुटल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. कड्यावरून उडी घ्यायला आपल्यातले कोणी जाणार नाही. पण शाळेची सहल कोकणात जाते, मुले छत्रीला आणि दोराला लटकायचा हट्ट धरतात. तेव्हा प्रश्न आपलाच असतो.

म्हणून तीन गोष्टी गाठीस बांधा. एक, बांधणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. आपलीच चूक आपल्याच डोळ्यांना सहसा दिसत नाही. दोन, तपासणी पाय जमिनीवर असतानाच व्हावी, दरवेळी त्याच क्रमाने आणि हात लावून. मध्ये कोणी हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून. तीन, दोर किती जुना आणि शेवटचा कधी पाहिला, हे विचारायला लाजू नये. उत्तर देताना समोरचा चिडला, तर मुलांना घेऊन सरळ परत फिरावे. रुसलेले मूल संध्याकाळपर्यंत हसते.

आणि हो, विहिरीतली मोटार वर काढताना जो दोर आपण लावतो, त्यालाही हाच नियम आहे, बरे का! खाली माणूस उतरण्यापूर्वी वरच्या दोघांनी गाठ पाहावी. मोटकऱ्याचा नाडा गेला. पण त्याचा तो फिरणारा हात आपण जाऊ देता कामा नये.