पाण्यात उतरायचं नाही, पाणी बघायला जायचं! मुलांना नांदूर मधमेश्वर दाखवा

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न असतो. "अब्बू, कुठे जायचं?" उत्तरही बहुतेक ठरलेलं. धरण, तलाव, नाहीतर धबधबा. पाण्याची ओढ सगळ्यांनाच असते, त्यात गैर काही नाही. पण 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलंही होती. ती बातमी आपल्यापैकी कोणी विसरलं नसेल. त्यानंतर कितीतरी घरांत सहलीच बंद झाल्या. पहिला फटका अर्थातच मुलींना आणि बायकांना बसला.

आम्हाला वाटतं, सहल बंद करणं हा उपाय नाही. सहलीची पद्धत बदलायला हवी.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात इथे बंधारा बांधला गेला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला आणि जलाशय उथळ होत गेला. मधे मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. शेतीच्या पाण्याच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान. पक्ष्यांसाठी मात्र तो दस्तरखान ठरला. उथळ पाण्यात लांब पायांचे करकोचे उभे राहून मासे पकडतात. 'चमचा' नावाचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. बदकं चिखलातले किडे आणि बिया शोधतात. सव्वादोनशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदवले गेले आहेत. इराणमधल्या रामसर शहरात 1971 मध्ये पाणथळ जागा वाचवण्यासाठी देशादेशांचा करार झाला होता. त्या यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणजे नांदूर मधमेश्वर. जानेवारी 2020 मध्ये ही बातमी जाहीर झाली.

एक गोष्ट मुलांना नीट समजावून सांगा. पाणी उथळ दिसलं म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही. पक्ष्यांना जेवू घालणारा गाळच माणसाचा पाय धरून ठेवतो. पाय रुतला की माणूस घाबरतो, धडपडतो आणि आणखी खोल जातो. कोणत्याही धरणात तळ सारखा नसतो. गुडघाभर पाण्यानंतरचं पुढचं पाऊल डोक्याएवढ्या खड्ड्यात पडू शकतं. पोहता येणाऱ्यालाही तिथे भरवसा नाही. म्हणून आमचा नियम साधा आहे: चप्पल ओली होईल इतकंही पुढे जायचं नाही.

नावं घरची, पक्षी समोर

पहिल्या वेळी आम्ही शाळेची मुलं घेऊन गेलो तेव्हा चूक आमचीच झाली. पोचायला अकरा वाजले, वर मुलांचा आरडाओरडा. पक्षी लांब निघून गेले. सोबतचा गावातला गाईड हसून म्हणाला, "सर, पाहुणे झोपेतून उठायच्या आधी या." पुढच्या वर्षी फजरनंतर लगेच निघालो आणि मुलांना बोटानेच बोलायला सांगितलं.

त्या दिवशी दुर्बिणीतून नारिंगी-बदामी रंगाची बदकांची जोडी दिसली. मराठीत हा चक्रवाक. आम्ही म्हटलं, "हाच सुर्खाब." एक मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे नानी म्हणते ना, तुला काय सुर्खाबचे पर लागलेत का, तो?" होय, तोच! लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडून हिवाळ्यात इथे येणारा. हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या किश्श्यातला हुदहुदही आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसतो. मुलांनी ही नावं ऐकलेली असतात, पक्षी मात्र बघितलेला नसतो.

पक्षी ओळखण्याचं काम आपल्याला परकं नाही. डॉ. सलीम अली मुंबईचेच, जन्म 12 नोव्हेंबर 1896. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, आणि ही कोणती चिमणी हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. त्या एका प्रश्नातून भारताचा सगळ्यात मोठा पक्षितज्ज्ञ घडला. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह त्यांच्या वाढदिवशीच संपतो.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाशिकहून एक-सव्वा तासाचा रस्ता आहे. चापडगाव-खानगाव थडीकडे निरीक्षण मनोरे आहेत. दुर्बीण आणि गाईड तिथे मिळतात. गाईड जरूर घ्या, गावातल्या पोरांना रोजगारही होतो. भडक कपडे, स्पीकर, फटाके नकोत.

देगची आणि कोळसा घरीच राहू द्या. बिर्याणीचा बेत केला की अम्मी आणि खाला दिवसभर पातेल्यापाशीच अडकतात. त्यांनी दुर्बिणीला डोळा कधी लावायचा? पराठे, अंडी, खजूर पुरे. जोहरसाठी जानमाज आणि वुजूचं पाणी सोबत ठेवा, म्हणजे काठावर उतरायची वेळच येणार नाही. कचऱ्याची पिशवी भरून परत आणा. आपण गेल्यावर तिथे काय उरतं, त्यावरूनही लोक आपल्याला ओळखतात.

आणि लहान मुलामागे एक मोठा माणूस आधीच ठरवा. "सगळे बघत होते" म्हणजे कोणीच बघत नव्हतं, हे बहुतेक अपघातांनंतर कळतं.

संध्याकाळी सगळे सुखरूप घरी आले आणि मुलाने नानीला सुर्खाब कसा दिसतो ते सांगितलं, की समजा सहल झाली. येत्या सुट्टीत इन्शाअल्लाह नक्की जा. मुलींनाही न्या.