वारा पाहून होडी हाकारावी

आपण चाकणकडची माणसे. आपल्या शेतातून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्री आडवा आहे. पण चैत्र-वैशाखात दिवसभर अंग भाजते आणि दिवस कलला की पश्चिमेकडून गार वारा सुटतो. पुष्कळदा हा वारा समुद्रावरून घाट चढून आलेला असतो. आपल्याला तो गारवा देतो. कोकणातल्या नाखव्यांचा प्रवास मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरच चालला.

हा वारा येतो कसा? भर दुपारी दगडावर अनवाणी पाय ठेवा. चटका बसतो. मग विहिरीच्या पाण्यात पाय घाला. पाणी गारच! जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. दुपारी जमिनीवरची हवा तापून वर जाते. तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धावत येते. हा खारा वारा. रात्री उलटं होतं. जमीन निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा.

हिवाळ्यात हा क्रम चांगला कळतो. मतलई रात्री सुटतो, पहाटे जोर धरतो. सकाळी ऊन चढले की पडतो. मग थोडा वेळ सारे शांत. पुढे खारा वारा सुटतो. दुपारी तो जोरात असतो, सूर्य बुडाला की मंदावतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हर्णै बंदर आहे. अशा बंदरातली शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येई. जाताना वारा पाठीशी, येतानाही पाठीशी!

हर्णैहून मुंबईला जायचे तर जास्त विचार लागे. मुंबई उत्तरेला. दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ समोरून येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. म्हणून तांडेल रात्रीच नांगर उचली. मतलई उजव्या अंगाने येई, होडी उत्तरेला सरके. दुपारी वारा फारच आडवा आला तर तो जवळच्या खाडीत नांगर टाकी आणि रात्रीची वाट पाही.

जो उशिरा उठे, त्याचा मतलई निघून जाई. मग वल्ही मारून हात भरून येत. दोन दिवसांची वाट चार दिवसांची होई. होडीत गोडे पाणी बेताचेच. ते संपले तर भोवती एवढा समुद्र असून घोटभर मिळत नसे.

आता बहुतेक होड्यांना यंत्र आहे. पण यंत्रही बंद पडते. तेव्हा वारा ओळखणाराच उपयोगी पडतो.

मात्र एक ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात हा रोजचा क्रम चालत नाही. तेव्हा मोसमी वाऱ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. वादळाचा इशारा आला की अनुभवी तांडेलही होडी किनाऱ्यावर ओढतो. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच पुन्हा दर्यावर जायचे, ही कोळी बांधवांची जुनी रीत.

आपण खळ्यावर उपणणी करतो. वारा नसेल तर सूप हातात धरून थांबतो. वारा आला की घरातली सगळी माणसे कामाला लागतात. नाखवा तरी दुसरे काय करतो? वारा आपल्या हुकमात नाही. त्याची वेळ ओळखून तयार राहणे मात्र आपल्या हाती आहे.