टँकरचं स्वतःचं पाणी

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मार्च लागला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. उतारावर पडलेलं पाणी खाली धावतं, उथळ मातीखालचा काळा खडक ते फारसं धरत नाही. वैतरणा याच मुलखातून जाते, पण तिच्यावरच्या धरणांतलं पाणी मुंबईला जातं. वावरसारख्या आडबाजूच्या गावांकडे जाणाऱ्या अरुंद, चढउताराच्या रस्त्यांवर भर उन्हात दहा-बारा हजार लिटर घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणारा ट्रक हे इथल्या उन्हाळ्याचं नेहमीचं दृश्य आहे.

त्या ट्रकच्या पोटातही थोडं पाणी असतं, आणि त्याच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ताकद चाकांपर्यंत पोचते ती फार तर एक तृतीयांश ते चाळीस टक्के. उरलेली उष्णता होते. त्यातली काही सायलेन्सरवाटे जाते आणि बराच मोठा वाटा इंजिनात फिरणारं ते पाणी किंवा कुलंट उचलून रेडिएटरमध्ये नेतं. हायवेवर ट्रक धावतो तेव्हा समोरचा वारा जाळीतून जातो आणि पंख्याचं काम हलकं करतो. टँकरच्या नशिबी तो वारा नाही. भरलेल्या गाडीचा वेग इथल्या चढावर माणसाच्या धावण्याएवढाच, हवा तापलेली आणि इंजिन पूर्ण जोरात. रेडिएटरची खरी परीक्षा घ्यायची तर मे महिन्यात टँकर जव्हारकडे चढवावा किंवा मोखाड्याहून तोरंगण घाटात न्यावा.

जाळीदार रेडिएटर मुळात जर्मनीतला. विल्हेल्म मायबाखनं १९०१ च्या मर्सिडीजसाठी हजारो बारीक नळ्या जोडून तो केला, आणि मोटारीला लागणारं पाणी एकदम कमी झालं. मर्सिडीजच्याच घराण्याशी करार करून टाटांनी १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तेव्हापासून ट्रक आणि त्याच्याबरोबर पाण्याचा कॅन ही आपल्याकडची जोडी झाली. पाणी कमी दिसलं की ओतायचं, एवढीच देखभाल. ही सवय इतकी जुनी आहे की तिला कुणी दोष मानत नाही.

टँकरवर तर ती आणखी सोपी. गाडी तापली की क्लीनर विचारतो, "दादा, मागून बादलीभर काढू का?" मागे हजारो लिटर असताना पुढच्या टाकीत पाणी नाही म्हणजे काय! पण टँकरमधलं विहिरीचं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पिण्याला ते चालतं. इंजिनात तापलं की तेच क्षार पांढऱ्या थरानं आतून बसतात. पितळी रेडिएटरची वरची टाकी मिस्त्री डाग काढून उघडतो तेव्हा नळ्यांची तोंडं निम्मी बुजलेली दिसतात. तो एकेका नळीत पातळ पट्टी घालून वरखाली करतो, आणि खालून चुनखडीचा भुगा पडत राहतो. अॅल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाक्यांच्या नव्या रेडिएटरला ही सोय नाही. तो बहुतेक बदलावाच लागतो.

नळ्या निदान उघडून दिसतात तरी. ज्या इंजिनांत ओले लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला बाहेरून थेट पाणी लागतं, तिथं दुखणं वेगळंच आहे. प्रत्येक स्फोटासरशी लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे बनतात आणि लगेच फुटतात. लाखो फेऱ्यांनी लोखंड टोचलं जातं. असा लायनर बाहेर काढून पाहिला तर पिस्टनचा रेटा बसतो त्या बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे उभ्या रांगेत दिसतात. एखादा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर दुधाळ चहाचा रंग येतो आणि मग सगळं इंजिनच खोलावं लागतं. चांगल्या कुलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि हे टोचणं अडवतात. कुलंट म्हणजे थंड प्रदेशातल्या गाड्यांचं काम, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. जव्हारला पाणी गोठायची भीती नाही हे खरं, पण इथं ते हवं गंज आणि क्षारांसाठी. त्यात घालायचं पाणीही बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड, आणि प्रमाण बाटलीवर असेल तेच.

रेडिएटरचं झाकण दिसायला क्षुल्लक. पण त्यातली स्प्रिंग आतला दाब धरते. ०.७ बारचं झाकण नीट असेल तर साधं पाणीसुद्धा ११४-११५ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की जव्हारच्या उंचीवर ते शंभराच्याही किंचित आधीच उकळायला लागतं. घाटात "गाडी पाणी खाते" अशी तक्रार आली की लोक आधी हेड गॅस्केटवर संशय घेतात. मी म्हणेन, आधी झाकण बदलून पाहा, मग होजच्या क्लिपा बघा, मग पाणी पंपाखालचं छोटं भोक. तिथून थेंब गळत असेल तर पंपाचं सील गेलंय.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. "काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला गॅरेजात फुकट मिळतो. काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं. म्हणजे चढावर गाडी जास्तच तापते. एरवी ती गरजेपेक्षा थंड चालते आणि डिझेल खाते.

बाहेरची जाळी धुणं हे काम क्लीनरचं, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित. कच्च्या रस्त्यांची लाल धूळ, पेंढ्याचे तुकडे, वाळलेल्या गवताची कुसळं इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या सांदीत जाऊन बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत गादी झालेली असते. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारायचं, आणि तेही बेताच्या जोरानं. जोरदार फवाऱ्यानं पाती आडवी झाली की वारा तिथंच अडतो.

तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवर्षी कुणाचा ना कुणाचा हात भाजतो. मुरलेला चालक आधी वरच्या होजला हात लावून पाहतो. तो मऊ पडला आणि हाताला सोसवला तरच झाकण, तेही फडका घालून. चढ संपल्या संपल्या तो इंजिनही बंद करत नाही. पाणी आटलेलं नसेल तर चार-पाच मिनिटं सावलीत चालू ठेवतो, कारण बंद केल्याबरोबर पंप थांबतो आणि लोखंडातली धग साचलेल्या पाण्यात उतरते. लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

जूनअखेर टँकर उभे राहतात. कुलंट बदलायची वेळ तीच. काढलेलं कुलंट मात्र विहिरीच्या काठाशी किंवा वहाळात ओतून देण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, शेळ्या ते चाटतात आणि मरतात. ते कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून जुनं ऑइल घेणाऱ्याला विचारावं, आणि तोवर पोरं-गुरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवावं.