फोन बिघडला, कंपनी दाद देईना?

सावेडीत बसून ऑनलाइन मागवलेल्या फोनची तक्रार अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू: २० जुलै २०२०) राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी दाद मागू देतो. १९८६च्या कायद्यात ही सोय नव्हती.

• हाताशी हवे: बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट. आयएमईआय क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो.

• १९१५: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. कंपनीशी तडजोड घडवते. निकाल देत नाही.

• आयोग: तक्रारीची मुदत २ वर्षे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकालासाठी कायद्यात ३ महिने. प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात तारखा लांबतात.