मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे बेरीज नव्हे

गैरसमज: सगळ्या अभ्यासांतले रुग्ण एकत्र मोजा, मृत्यू एकत्र मोजा, टक्केवारी काढा, झालं मेटा-अ‍ॅनालिसिस.

धुळे-जळगावात प्रबंधाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यांपासून मुरलेल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडून हे ऐकून कान किटले आहेत. म्हणून एकदा गणितच मांडतो.

वस्तुस्थिती: समजा, नव्या औषधाची जुन्याशी तुलना दोन ठिकाणी झाली. (आकडे काल्पनिक आहेत.) धुळ्यात रुग्ण गंभीर: नव्या औषधावर ९०० पैकी १८० दगावले, म्हणजे २० टक्के, जुन्यावर १०० पैकी २५, म्हणजे २५ टक्के. जळगावात रुग्ण सौम्य: नव्यावर १०० पैकी २, जुन्यावर ९०० पैकी २७, म्हणजे २ आणि ३ टक्के. दोन्हीकडे नवं औषध सरस. आता बेरीज करा. नव्यावर हजारात १८२ मृत्यू, जुन्यावर हजारात ५२! सरस औषध एका फटक्यात घातक ठरलं, कारण ते गंभीर रुग्णांच्याच वाट्याला जास्त आलं होतं. यालाच सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक अभ्यासाची तुलना आधी त्याच्या घरातच होते. रिस्क रेशो, म्हणजे नव्या औषधावरचं मृत्यूचं प्रमाण भागिले जुन्यावरचं, धुळ्यात ०.८०, जळगावात ०.६७. मग या उत्तरांना वजन मिळतं, तेही रुग्णसंख्येवर नव्हे, उत्तर किती नेमकं आहे त्यावर. दोन्हीकडे हजार-हजार रुग्ण असूनही धुळ्याला सुमारे ९४ टक्के वजन मिळतं, कारण जळगावचा नव्या औषधाचा आकडा अवघ्या दोन मृत्यूंवर उभा आहे. एकत्रित उत्तर ०.७९, कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरं उत्तर ज्या पट्ट्यात असू शकतं तो) ०.५६ ते १.१३. फायद्याकडे कल आहे, पण इंटर्व्हल १, म्हणजे ‘फरक नाही’ ही रेषा, ओलांडतो. खात्री देता येत नाही. एवढं प्रामाणिक उत्तर बेरजेतून कधीच मिळणार नाही.

खरं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला बालन्यूमोनियाचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सझावल आणि ब्लॅक या संशोधकांनी २००३ मध्ये हा अभ्यास धरून अशा नऊ समाजाधारित अभ्यासांचं मेटा-अ‍ॅनालिसिस केलं, तेव्हा न्यूमोनियाच्या वेळीच उपचाराने पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ठिकाणं वेगळी, मूळ मृत्युदर वेगळे. तरी तुलना शक्य झाली ती याच पद्धतीमुळे.

आता इतर गैरसमज.

‘मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अंतिम सत्य.’ मुळीच नाही. कोविडवर आयव्हरमेक्टिनने मृत्यू घटतात असं सांगणाऱ्या विश्लेषणांत इजिप्तमधला एक अभ्यास होता. विदा संशयास्पद निघाल्याने तो जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला. असे अभ्यास वगळताच फायदा विरला.

‘छापून आलेले सगळे अभ्यास घेतले की पुरे.’ अपयशी औषधांचे अभ्यास अनेकदा छापलेच जात नाहीत. चाचण्यांच्या नोंदणीतही शोधा.

‘आय-स्क्वेअर शून्य, म्हणजे अभ्यास सारखेच.’ अभ्यासांमधली तफावत मोजणारा हा आकडा अभ्यास मोजके असतील तर फसवा असतो.

‘सॉफ्टवेअर सगळं करतं.’ ते फक्त गणित करतं. कोणता अभ्यास घ्यायचा, हे तुम्हीच ठरवायचं असतं.

प्रबंध लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: फॉरेस्ट प्लॉटच्या (अभ्यासांची उत्तरं एकेका ओळीत मांडणाऱ्या आलेखाच्या) तळाचा हिरा, म्हणजे एकत्रित उत्तर, शेवटी पाहा. आधी वरची एकेक ओळ वाचा आणि तो अभ्यास विश्वासार्ह आहे का, ते तपासा. तुमच्या निष्कर्षावर उद्या कुणाचा तरी उपचार ठरणार आहे.